तुम्ही विचारलंत म्हणून: टाऊ तळाला गेला म्हणजे चिकटला का?

टाऊ हे चेतापेशींतलं प्रोटीन; ते मायक्रोट्यूब्यूलना, म्हणजे ट्यूब्युलिन या प्रोटीनच्या बनलेल्या पेशीतल्या नळ्यांना, चिकटतं. हे तपासायला दोन्ही मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात: नळ्या तळाच्या साक्यात (पेलेट) जातात, चिकटलेला टाऊ त्यांच्यासोबत, मोकळा टाऊ वरच्या द्रवात राहतो. "मायक्रोट्यूब्यूल घातलेल्या ट्यूबमध्ये टाऊ पेलेटमध्ये आलाय. बाइंडिंग झालं ना?" या प्रश्नावर उलटा प्रश्न एकच: मायक्रोट्यूब्यूल न घातलेल्या ट्यूबचं काय? तिथेही टाऊ तळाला असेल, तर तो बहुधा गुठळ्या होऊन बसलाय. म्हणून फ्रीझरमधून काढलेलं प्रोटीन आधी 1,00,000 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट) 15-20 मिनिटं फिरवायचं आणि वरचाच द्रव वापरायचा. बहुतेकजण कंटाळून नेमकी हीच पायरी गाळतात.

मायक्रोट्यूब्यूल बनवायचं बफर नेहमीचं: 80 मिलिमोलर पाइप्स (पीएच स्थिर ठेवणारं रसायन), पीएच 6.8, मॅग्नेशियम क्लोराइड आणि ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं) प्रत्येकी 1 मिलिमोलर. त्यात ट्यूब्युलिन, 1 मिलिमोलर जीटीपी (नळ्या जुळायला लागणारा ऊर्जेचा रेणू), तापमान 37 अंश. मग टॅक्सॉल, म्हणजे नळ्या सुटू न देणारं औषध. ते एकदम ओतलंत तर त्याचे स्फटिक होतात. आधी 0.1, मग 1, मग 10 मायक्रोमोलर, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबून. पुढे पातळ करायच्या बफरमध्येही टॅक्सॉल हवंच, नाहीतर मायक्रोट्यूब्यूल सुटत जातात. सेंट्रिफ्यूज सवयीने 4 अंशांवर असतो, तो 25 वर आणा.

आता मीठ. टाऊचे रिपीट (मायक्रोट्यूब्यूलला धरणारे, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) धनभारित, ट्यूब्युलिनची शेपटी ऋणभारित. या ओढीला मीठ थेट मारतं. टाऊचा स्टॉक 500 मिलिमोलर मिठात असेल आणि पाचपट पातळ केला, तरी मिश्रणात 100 मिलिमोलर उरतंच. बाइंडिंग ढिलं पडतं आणि खापर टाऊतल्या बिचाऱ्या म्युटेशनवर (जनुकीय बदलावर) फुटतं! स्टॉक डायलाइझ करा (पडद्यातून मीठ बाहेर जाऊ द्या), किंवा निदान सगळ्या ट्यूबमध्ये मीठ सारखं ठेवा.

टाऊ आणि मायक्रोट्यूब्यूलचं मिश्रण 40 टक्के ग्लिसरॉलच्या थरावर अलगद सोडून फिरवा. वरचा द्रव काढल्यावर ग्लिसरॉलचा माथा बफरने दोनदा धुवा, मगच ग्लिसरॉल ओढा. नाहीतर भिंतीला लागलेला मोकळा टाऊ पेलेटमध्ये मोजला जातो. पेलेट सुरुवातीच्या मिश्रणाइतक्याच आकारमानात विरघळवा आणि प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर वरचा द्रव आणि पेलेट, दोन्हींचा सारखा भाग चढवा.

जेलवरही फसगत ठरलेली. 441 अमिनो आम्लांचा टाऊ खरा 46 किलोडाल्टनचा, पण धावतो 60 च्या वर. सर्वांत लहान, 352 वाला मात्र ट्यूब्युलिनच्या 50-55 च्या जाड पट्ट्याला खेटून येतो आणि त्याखाली दडतो. वेस्टर्न (अँटिबॉडीने टाऊ ओळखायची चाचणी) करायचं नसेल तर पेलेट जास्त मिठाच्या बफरमध्ये घोळून पाच मिनिटं उकळा आणि पुन्हा फिरवा. ट्यूब्युलिन साकळून खाली बसतं. टाऊ उकळीला दाद देत नाही, वरच्या द्रवात राहतो.