मॉमी नदीतला वॉलआय: माशाची नाही, पाण्याची खबर काढा

मॉमी नदीबद्दल लोक सांगतात: डेट्रॉइटहून तासाभरात पोहोचता येतं, ओहायोतल्या टोलेडोच्या पोटातली नदी आहे, मार्च-एप्रिलमध्ये ईरी सरोवरातले वॉलआय (गोड्या पाण्यातले शिकारी मासे) अंडी घालायला झुंडीने वर चढतात, "नुसतं उभं राहायचं आणि ओढायचं". शेवटचं वाक्य सोडून सगळं खरं आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातल्या चार दिवसांच्या फेरीत दोन दिवस चहासारख्या पाण्यात गेले, कारण "मासा जोरात लागतोय" ही खबर दुकानातून घेतली होती. गळाचं शिसं विकणारा दुसरं काय सांगणार?

घर सोडण्यापूर्वी एकच गोष्ट बघा: वॉटरव्हिल इथल्या सरकारी मोजणी केंद्राचा प्रवाहाचा आलेख. त्यात आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. रेघ दोन-तीन दिवस खाली येत असेल तर निघा, वर वळली असेल तर आरक्षण रद्द करा. टोलेडोचं आकाश बघून काही कळत नाही. नदी सुरू होते इंडियानातल्या फोर्ट वेनला, वाटेत डिफायन्सला आणखी पाणी येऊन मिळतं. तिकडचा पाऊस इथे पोहोचायला दोनेक दिवस लागू शकतात, म्हणजे लख्ख उन्हात पूर येतो. पाणलोटातली बरीचशी जमीन पूर्वीची दलदल: सपाट, चिकणमाती आणि शेतांखाली निचऱ्याच्या नळ्या. पाऊस पडला की गाळ थेट नदीत.

दुसरा फटका वाऱ्याचा. कोकणात भरतीचं वेळापत्रक पाहून गरवणारा माणूस इथे हमखास फसतो. भरती-ओहोटी नाही, पण ईरीचा पश्चिम भाग उथळ आहे. ईशान्येचा वारा सुटला की सरोवराचं पाणी टोलेडोकडे लोटलं जातं आणि पेरीसबर्गच्या पुलाखालचा पट्टा पाऊस नसताना चढतो. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने उलट, पाणी ओसरतं. वाऱ्याचा अंदाजही पावसाइतकाच बघा.

आता नदीतलं ब्लूग्रास बेट. साइड कट मेट्रोपार्कातून पाणी कमी असताना चालत ओलांडता येतं, म्हणून सगळे तिकडेच धावतात. माणसं अडकतात ती इथेच. जाताना पोटरीभर असलेलं पाणी परतताना मांडीपर्यंत आलेलं असतं, तळाला शेवाळलेले चुनखडीचे खडक आणि पाणी ६-७ अंश सेल्सिअस. ओलांडण्याआधी काठावरचा एक दगड हेरून ठेवा, तासातासाला बघा. तो बुडाला की मासा लागत असला तरी निघा. वेडर्सवर (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीवर) कमरपट्टा घट्ट हवाच, नाहीतर पडल्यावर आत पाणी भरतं आणि उठता येत नाही. बुटांच्या तळव्याला खिळे आणि हातात काठी. मांडीच्या वर पाण्यात जाऊ नका. शिवाय त्याचा उपयोगही नाही: वॉलआय बऱ्याचदा काठालगतच्या संथ पाण्यातून चढतो. उत्साहाने नदीच्या मध्यात जाऊन उभे राहणारे माशांची वाट मागे सोडून उभे असतात.

काठ बदलायचा असेल तर पलीकडे बटनवुड आणि फोर्ट मेग्ज आहेत. ऑर्लिन्स पार्क खोल, तिथे होडीवाल्यांची गर्दी. पायी गरवणाऱ्याने वेळ घालवू नये.

गळाची मांडणी, म्हणजे रिग, साधी आहे. साडेसहा-सात फुटी मध्यम दांडी, १० पौंडी मुख्य दोरी, तिच्यावर सरकतं शिसं, मणी, स्विव्हल (दोरीला पीळ न पडू देणारी फिरती कडी), पुढे १८ ते ३० इंचांचा ८ पौंडी तुकडा आणि टोकाला तरंगणारा जिग (तरंगत्या डोक्याची गरी), त्यावर दोन-तीन इंची रबरी शेपटी. तुकडा मुख्य दोरीपेक्षा हलका ठेवायचा, म्हणजे गरी अडकली तर तेवढाच तुटतो. गढूळ पाण्यात नारिंगी आणि पोपटी सोडून इतर रंगांच्या फंदात पडू नका. शिसं पाव ते पाऊण औंसापर्यंत सगळं जवळ ठेवा. तळाला टक टक करत सरकलं तर बरोबर. बसून राहिलं तर जड, तळाला लागतच नसेल तर हलकं. किंचित वरच्या दिशेला फेकायचं, प्रवाहाबरोबर कमानीत वाहू द्यायचं. घास बहुधा दोरी सरळ होताना लागतो आणि झटका नसतो, नुसता जडपणा असतो. दिवसाला वीसेक रिग खडकांना अर्पण करायची तयारी ठेवा. नदीकाठी तयार रिगची पाकिटं घेणं म्हणजे शुद्ध लूट. सुटं सामान आणून आदल्या रात्री बांधा.

नियमात कुचराई करू नका, रक्षक काठावरून दुर्बिणीने बघत असतात. १ मार्च ते १ मे फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. एकच गरी, आणि दांड्यापासून टोकापर्यंत अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको. पाकिटावरचा क्रमांक बघून समाधान मानू नका, पट्टी लावून मोजा. तीन टोकांची गरी बंद. मासा तोंडाच्या आतच लागलेला हवा. पाठीला, पोटाला, शेपटीला लागला तर लगेच सोडायचा, कितीही मोठा असो. दाट झुंडीत असे भरपूर लागतात, म्हणून हिसके मारणं टाळा. मर्यादा माणशी सहा, किमान १५ इंच; परवाना काढतानाच त्या वर्षीचे नियम वाचून घ्या. पकडलेले मासे ओवायची आपापली माळ वेगळी ठेवा, मित्राच्या माळेत आपला मासा नको.

पाण्याचं तापमान ४२ ते ५२ फॅरनहाइटच्या मध्ये असताना खरी धामधूम. आधी येतात आणि जास्त रेंगाळतात ते नर, दीड-दोन किलोच्या आतले. खायला तेच चांगले. अंड्यांनी भरलेली थोराड मादी सोडून द्या.

शेवटचे दोन दिवस पाणी निवळलं आणि मर्यादा दुपारच्या आत पूर्ण झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मासे साफ करून देणारे आसपास आहेत, पण ते वजनावर पैसे घेतात आणि शनिवारी रांग मोठी असते. बर्फाची पेटी न्या, घरी लवचिक पात्याच्या सुरीने कापा. बरगड्या आणि मधली बारीक काट्यांची ओळ काढली की पांढरी, घट्ट तुकडी उरते. हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवा. जाड मसाला नको, मासा सौम्य आहे, चव मरते.