ब्लू लगूनचा पास फुकट, मनस्ताप बोटवाल्याचा

माल्टाला जातोय असं कोणी सांगितलं की मी हल्ली आधी विचारते, "कोमिनोचा पास काढलात का?" समोरचा हमखास म्हणतो, "हो हो, बोटीचं बुकिंग झालंय." मग मला पुढचं सगळं सांगावंच लागतं.

बोटीचं तिकीट वेगळं आणि पास वेगळा. माल्टा आणि गोझो या बेटांच्या मधे कोमिनो आहे, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. त्याच्या शेजारी कोमिनोट्टो नावाचा आणखी एक खडकाळ तुकडा, आणि या दोघांमधलं उथळ निळं पाणी म्हणजे ब्लू लगून. उन्हाळ्यात इथे इतकी गर्दी उसळायची की टॉवेल अंथरायला जागा नसायची. म्हणून १ मे २०२५ पासून किनाऱ्यावर उतरायला ऑनलाइन पास लागू केला. त्याला पैसे पडत नाहीत. दिवसाचे तीन भाग केलेत: सकाळी ८ ते दुपारी १, दीड ते साडेपाच, आणि संध्याकाळी ६ ते रात्री १०. आपल्याला हवा तो भाग निवडायचा, क्यूआर कोड येतो, तो तिथे दाखवला की मनगटाला पट्टा बांधतात. इथपर्यंत कोणालाही जमेल.

विमान, हॉटेल, व्हिसा याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आम्ही जर्मनीत राहतो, आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंकडे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, होताच. माल्टा शेंगेनमध्येच आहे, त्यामुळे वेगळा कागद लागला नाही.

सप्टेंबरातली सकाळ. पास ८ ते १चा. बोटीच्या कंपनीने मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की सकाळपासून बोटी सुटत राहतात, कुठलीही पकडा. माल्टाच्या उत्तर टोकाला चिर्केव्वाच्या धक्क्यावर पोचलो तर टॅबलेट घेतलेला एक पोरगा म्हणाला, सकाळच्या बोटी एका ग्रुपला दिल्यात, तुम्ही बाराच्या बोटीने जा. बाराची बोट म्हणजे उतरून रांगेत उभं राहीपर्यंत साडेबारा, आणि एक वाजता आमच्या पासचा खेळ खलास. सासूबाईंचे गुडघे धरून खडकावरून पाण्यापर्यंत जायलाच वीस मिनिटं लागणार, मग पोहायचं कधी?

मी त्याला पास दाखवला. "तो आमचा नाही. त्याच्या साइटवर बघा." मी म्हटलं, कुठलीही बोट पकडा असं तुम्हीच लिहिलंय. तो म्हणाला, "जागा असेल तर." मेलमध्ये 'जागा असेल तर' कुठेच नव्हतं. मी मेल उघडून त्याच्या नाकासमोर धरला. त्याने तो वाचला, मान डोलावली आणि माझ्या मागच्या इटालियन बाईचं तिकीट तपासायला घेतलं. इतक्या सभ्यपणे उडवून लावलेलं मला आजवर कोणी नाही.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, लगून राहू दे, बोटीतून गुहा तरी बघू." सासूबाई म्हणाल्या, "पैसे परत माग बाई, आणि आपण गोझोला जाऊ." मला दोन्ही मंजूर नव्हतं. एवढ्या लांब येऊन ते पाणी नुसतं लांबून बघायचं? मी पैसेही सोडणार नव्हते आणि लगूनही.

दीडचा पास उघडून बघितला. भरलेला. पुन्हा उघडला, भरलेला. धक्क्यावर सावलीचा पत्ता नाही. बारा वाजेपर्यंत तिथेच बसून राहायचं होतं, मग बसल्या बसल्या तेवढंच काम. पान ताजं करायचं, बघायचं, पुन्हा ताजं करायचं. मधेच एक जागा सुटली. एकटीने जाऊन काय करू? सोडून दिली. नवऱ्याला वाटलं मी हट्टाला पेटलेय, आणि पेटलेच होते. शेवटी कोणीतरी पास रद्द केला असावा, कारण एकदम तिघांच्या जागा दिसल्या. मी नावं इतक्या वेगाने भरली की सासूबाईंच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलं. कोणी काही विचारलं नाही.

हा उपाय मला कोणी सांगितला नव्हता, म्हणून इथे ठासून सांगते: 'भरलं' दिसलं तरी आशा सोडू नका. लोक पास रद्द करतात. आणि पास काढायच्या आधी बोटवाल्याकडून ठरावीक वेळ लेखी घ्या. 'कुठलीही बोट' म्हणजे कुठलीच बोट नाही. भारतातून थेट येणाऱ्यांनी युरोपात चालणारं सिम घेऊन यावं, नाहीतर धक्क्यावर उभं राहून माझ्यासारखं फोनवर बोट चालवता येणार नाही. क्यूआरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बाराच्या बोटीचं एक बरं झालं. वेळ होता म्हणून चालक आधी गुहांकडे घेऊन गेला. कोमिनोचे कडे चुनखडीचे. लाटा भेगांमध्ये शिरून शिरून खडक पोखरतात. आत बोटीचं नाक घातलं की इंजिनाचा आवाज चारी बाजूंनी अंगावर येतो. पाण्याच्या रेषेला लागून भिंतीवर शेवाळाचा जांभळट-लालसर पट्टा, आणि खाली पांढऱ्या तळावरून उजेड परत येतो, त्यामुळे पाणीच दिवा लावल्यासारखं दिसतं. सासूबाईंनी हात बाहेर काढून ते पाणी ढवळलं. चालक ओरडला, "हात आत!" मराठीत नव्हे, पण त्यांना बरोबर कळलं.

लगूनला उतरल्यावर पट्टा बांधणाऱ्या मुलीला सासूबाईंच्या हिरव्या बांगड्या आड येत होत्या. तिने एकेक बांगडी हळूच वर सरकवून पट्टा खाली बसवला. सगळ्या दिवसात सरकारी वाटणारं काम एवढ्या प्रेमाने फक्त तिनेच केलं.

पाणी फोटोत दिसतं तसंच आहे, इथे फसवणूक नाही. पण वाळू फार थोडी, बाकी सगळा खडक. पाण्यात चालायचे रबरी बूट घ्याच, समुद्री साळूचे काटे पायात गेले तर सुट्टी संपली. छत्र्या-खुर्च्या भाड्याने मिळतात पण महाग. टोपी, पाणी आणि डबा घरून न्या. आमच्याकडे मेथीचे ठेपले होते, शेजारी लोक अननसात ओतलेली दारू पीत होते. चढायचा दम असेल तर १६१८ साली बांधलेल्या सांता मारिया बुरुजापर्यंत चालत जा. नवरा गेला, आम्ही दोघी पाण्यातच बसलो.

अजून एक, बरेच जण घोळ घालतात: ब्लू ग्रोटो ही वेगळी जागा आहे. ती माल्टाच्या दक्षिण किनाऱ्यावर, छोट्या होड्यांनी बघायची, समुद्र खवळला की बंद. आणि गोझोची ती प्रसिद्ध दगडी कमान, अझूर विंडो, ८ मार्च २०१७ला वादळात कोसळली. तिच्यासाठी जाऊ नका, तिथेच डवेराला 'इनलँड सी' म्हणजे कड्यांनी वेढलेलं खाऱ्या पाण्याचं तळं आणि त्याला समुद्राशी जोडणारा बोगदा मात्र आहे.

परतीला बोटवाल्याला चढायच्या आधी विचारा की उतरवणार चिर्केव्वाला की मार्फाला. दोन धक्के जवळ आहेत, पण गुडघेदुखी असलेल्या माणसाला घेऊन ते अंतर लांब वाटतं. स्लीमा शहराकडे जाणारी २२२ नंबरची बस तिथून भरभरून सुटते, मधल्या थांब्यावर चढायला मिळेलच असं नाही, म्हणून चिर्केव्वाच्या टर्मिनसलाच बसा.