न्यू जर्सी ते सिंहगड रस्ता, व्हाया सिबिल

नऊ वर्षं न्यू जर्सीत काढून जून २०२४मध्ये आम्ही पुण्याला परतलो. हँडबॅगेत पासपोर्टांच्या जोडीला माझा तिकडचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीचं प्रगतिपुस्तक होतं. स्कोअर ८५० पैकी ८१२. सिंहगड रस्त्यावर एक फ्लॅट आवडला होता आणि हा कागद पुढे केला की होमलोन हातात पडणार, अशी माझी भाबडी समजूत होती.

बँकेतल्या मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिला, ‘छान आहे हो,’ म्हणाल्या आणि परत दिला. मग माझा पॅन टाकला. इथला स्कोअर निघाला ६१४. सिबिल ही कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी इथली कंपनी, ती स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजते, म्हणजे होमलोनसाठी हा आकडा अगदीच लंगडा. तिकडचा इतिहास इकडे येत नाही हे कळलं, पण नऊ वर्षं मी इथे नव्हतोच, तर मग ६१४ आले कुठून?

त्या आठवड्यात मी आणखी एक गाढवपणा केला. रागारागात दुसऱ्या दोन बँकांत अर्ज टाकले. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते आणि अशा नोंदी लागोपाठ दिसल्या की हा माणूस कर्जासाठी दारोदार फिरतोय, असा अर्थ निघतो. तेव्हा आधी स्वतःचा रिपोर्ट बघा. त्याने स्कोअर कमी होत नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फक्त ओटीपी जुन्या मोबाइलवर जातो आणि माझं जुनं सिम केव्हाच बंद पडलेलं. बँकेत नंबर बदलून घेण्यात पहिले आठ दिवस गेले.

रिपोर्ट उघडला आणि उलगडा झाला. वर माझं जुनं शैक्षणिक कर्ज, बाबा सहकर्जदार, महिन्यांच्या चौकटींत ओळीने ०००, म्हणजे एकही हप्ता चुकलेला नाही. त्याखाली एक क्रेडिट कार्ड, जे मी विमानात बसण्याआधी कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं होतं. कार्ड कापलं तरी खातं जिवंत राहतं हे डोक्यातच आलं नाही. ऑगस्ट २०१५मध्ये वार्षिक फी लागली. ५०० रुपये आणि त्यावर १४ टक्के सर्व्हिस टॅक्स, एकूण ५७०. बिलं कर्वेनगरच्या सोडलेल्या खोलीवर जात राहिली. त्यावर लेट फी, व्याज, व्याजावर व्याज. ११ हजार ४०० पर्यंत पोचल्यावर बँकेने हात टेकले आणि ‘रिटन ऑफ’, म्हणजे बुडीत, असा शेरा मारला.

वसुलीवाल्याला फोन केला. तो मोठ्या प्रेमाने म्हणाला, ‘साहेब, साडेचार हजारांत मिटवून टाकू.’ मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मॅडमनी थांबवलं. असं मिटवलं की रिपोर्टवर ‘सेटल्ड’ येतं आणि ते वाचणाऱ्याला याने पैसे बुडवले असंच कळतं. मी पूर्ण रक्कम भरली, तीही थेट बँकेत, आणि खाते क्रमांकासह ‘काही येणे नाही’ असं पत्र घेतलं. पत्र हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

मग सिबिलच्या साइटवर तक्रार. तिला पैसे लागत नाहीत. मात्र सिबिल स्वतःहून काही बदलत नाही, बँकेने होकार दिला तरच नोंद बदलते. सगळं मिळून ३० दिवसांत निपटायला हवं, नाहीतर एप्रिल २०२४पासून पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. माझं काम सव्विसाव्या दिवशी झालं, त्यामुळे तीही कमाई हुकली.

मध्येच पॅननेही पाय ओढला. मी एनआरआय असल्याचं इन्कम टॅक्सच्या पोर्टलला कधी कळवलंच नव्हतं. आधारशी जोडलेला नाही म्हणून पॅन निष्क्रिय झालेला. हजार रुपये भरून जोडला. परत आल्यावर खरं तर हेच काम पहिलं करा, आणि त्याच फेरीत एनआरई खातं, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं बँक खातं, निवासी करून घ्या. डॉलर ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे परदेशी चलनातलं, खातं उघडता येतं.

खरी चढण पुढे होती. साधं क्रेडिट कार्ड मला कोणी देईना. तेव्हा एक लाखाची एफडी करून तिच्यावर कार्ड घेतलं, लिमिट ९० हजार. त्यावर वीजबिल, पेट्रोल, किराणा इतकंच. महिन्याला २५ हजारांच्या वर जायचं नाही, कारण लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं. बिल पूर्ण भरायचं, ‘मिनिमम ड्यू’च्या, म्हणजे किमान रकमेच्या, नादी लागायचं नाही. ऑटोपे लावूनही मी देय तारखेच्या आदल्या दिवशी खात्री करायचो. एकदा दुधाने तोंड पोळलंय. फेब्रुवारी २०२५मध्ये ६९२ झाले, जुलैत ७४१. जानेवारी २०२५पासून बँका दर पंधरवड्याला माहिती पाठवू लागल्या होत्या, पण म्हणून रोज स्कोअर बघायची सवय लावून घेऊ नका, माझी झोप त्यात गेली.

सिंहगड रस्त्यावरचा तो फ्लॅट अर्थातच गेला. त्याच सोसायटीतला दुसरा मिळाला, रस्त्याच्या बाजूचा, हॉर्नसकट.

बायकोची गोष्ट वेगळी. तिने लग्नाआधी इथे कधी कर्जच घेतलं नव्हतं, त्यामुळे तिचा स्कोअर उणे एक, म्हणजे इतिहासच नाही. मी मोठ्या उत्साहाने तिला माझ्या कार्डावर ॲड-ऑन कार्ड, म्हणजे माझ्याच खात्याचं जोडकार्ड, काढून दिलं. सहा महिन्यांनी बघितलं तरी उणे एकच, कारण ॲड-ऑनचा सगळा खर्च मूळ कार्डधारकाच्या नावावर जातो. आता तिने स्वतःची पन्नास हजारांची एफडी करून वेगळं कार्ड घेतलंय, आणि माझ्या कार्डावरून काही घ्यायचं म्हटलं की ती आधी विचारते, ‘यात माझा काय फायदा?’