ठाणे ईटी लॉग, मार्च: कोल्ड पिक्सेल खाडीतून काढून मुरबाडला नेला

मागच्या वेळी लिहिलं होतं की उपग्रहाच्या तापमानावरून काढलेला येऊरच्या जंगलाचा आकडा काही केल्या पटत नाहीये. मार्चमध्ये तिथे साग उघडा पडलेला, पाऊल टाकलं की पाचोळा करकरतो, आणि माझा नकाशा सांगत होता दिवसाला 4 मिमी बाष्पपर्णोत्सर्जन (ईटी, म्हणजे जमीन आणि झाडं मिळून वाफ होऊन हवेत जाणारं पाणी). 4 मिमी म्हणजे हेक्टरी 40,000 लिटर, आपल्या घोडबंदरच्या भाषेत 10,000 लिटरचे चार टँकर, रोज! पानंच नाहीत तर एवढं पाणी सोडतंय कोण?

चूक सापडली, आणि ती कोडमध्ये नव्हतीच. सीन (उपग्रहाचं एक चित्र) लँडसॅट 9 चा, पाथ 148 रो 47 (ठाण्यावरच्या चौकटीचा क्रमांक), वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. सेबाल म्हणजे जमिनीच्या तापमानावरून बाष्पीभवन काढायची पद्धत, तिच्यात आपण दोन टोकं धरतो, थंड पिक्सेलवर हवा तापवण्यात उष्णता शून्य जाते असं मानायचं आणि कोरड्या गरम पिक्सेलवर बाष्पीभवन शून्य, मधलं सगळं या दोघांच्या आधारावर. माझा थंड पिक्सेल होता ठाणे खाडीत, पाणी म्हणजे थंडच असणार असं धरून चाललो होतो, पण भरती-ओहोटीचं कोष्टक काढून बघितलं तर त्या वेळी ओहोटी होती, म्हणजे पिक्सेलमध्ये अर्धा तर तापलेला चिखलच. आणि गरम पिक्सेल वागळे इस्टेटच्या पत्र्यांवर, जे माझ्या सीनमध्ये कोरड्या जमिनीपेक्षाही जास्त तापलेले दिसतात. दोन्ही टोकं वर सरकली की मधल्या प्रत्येक जागेचं बाष्पीभवन फुगतं, येऊरचं पण तसंच झालं.

आता गरम टोक शहापूरकडच्या कापणी झालेल्या भातखाचरांत घेतलंय, भेगा पडलेली कोरडी जमीन. थंड टोकाने मात्र घाम काढला. मुरबाडला भेंडीला पाणी चालू असतं हे मामाकडे जाऊन येऊन माहीत होतं, पण लँडसॅटचा थर्मल बँड (तापमान टिपणारा) मुळात 100 मीटरचा, फाइल 30 मीटरची मिळते म्हणून फसायचं नाही. एक थर्मल पिक्सेल म्हणजे अडीच एकर. मामाला फोन केला, तो म्हणाला, "अरे आमच्याकडे अर्ध्या-पाऊण एकराचे तुकडे, सलग हवं असेल तर नदीच्या काठाने बघ, तिथे चार-पाच जणांची भेंडी एकाला एक लागून आहे." तो पट्टा सेंटिनेल-2 या दुसऱ्या उपग्रहाच्या चित्रावर 10 मीटरमध्ये तपासला, सलग हिरवा, मग त्याच्या अगदी मधलाच पिक्सेल घेतला. येऊर दीड मिमीच्या आसपास आलं. हे मला पटतंय.

बाष्पीभवन थेट मोजायला गच्चीवर ठेवलेली पाण्याची परात चालूच आहे. रोज सकाळी सातला स्टीलच्या पट्टीने मोजतो, सीनच्या दिवशी पाणी 8 मिमी उतरलं होतं, पण स्लॅब तापतो म्हणून खालून पण उष्णता लागते आणि साळुंक्या येऊन पितात, तेव्हा परात विटांवर ठेवून वर जाळी टाकली आहे. जाळीने सावली पडते त्यामुळे आधीच्या आकड्यांशी तुलना करू नका.

खाडीकाठची तिवरं सध्या मास्क केलीत, म्हणजे हिशोबातून वगळलीत. मुळाशी भरतीचं पाणी असताना झाड थंड की पाणी थंड, हे एका तापमानातून वेगळं कसं काढायचं ते अजून जमलेलं नाही. पुढचे दोन सीन एक भरतीचा, एक ओहोटीचा असे निवडणार आहे, आणि ढग यायच्या आत, म्हणजे मेअखेरपर्यंत, ते मिळायला हवेत. कोपरी किंवा ऐरोलीच्या बाजूला कुणी त्या दिवशी अकरा वाजता पाण्याची पातळी बघून फोटो काढू शकलं तर खूप उपयोग होईल.