पाहुणे गेल्यावर

पक्षी बघणाऱ्यांच्या पंचांगात मे महिना नसतोच. राज्याचा पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबर. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. दुर्बिणी बाहेर येतात त्या दिवाळीच्या आसपास आणि होळीला पुन्हा कपाटात जातात. त्यामुळे यंदा मेमध्ये महिनाभर वेंगुर्ल्याला गावी राहून पक्षी बघणार, असं मी आमच्या ग्रुपवर जाहीर केलं तेव्हा एकाने उत्तरादाखल नुसतं हापूसच्या पेटीचं चित्र पाठवलं.

चूक त्याचीही नव्हती. हिवाळाभर किनाऱ्यावर बैठक मारून असलेले कुरव, म्हणजे समुद्रपक्षी, मार्च-एप्रिलमध्ये उठतात. उठण्याआधी नटतात. थंडीत डोकं पांढरं आणि डोळ्यामागे एक काळा ठिपका एवढाच काय तो साज. निघायच्या वेळेला मात्र डोक्यावर चॉकलेटी टोपी चढते, लग्नाला निघाल्यासारखी. लग्नालाच निघालेले असतात म्हणा. तपकिरी डोक्याच्या कुरवांचं कार्य लडाख-तिबेटच्या तळ्यांवर असतं. ते गेले की चार दिवसांनी भरलेल्या गाडीतून आम्ही चाकरमानी उतरतो. मेमध्ये कोकणात स्थलांतरित म्हणून कोणाची नोंद करायची झाली तर ती आमचीच.

पहिल्याच दिवशी ओला टॉवेल घेऊन पडवीत आलो आणि काकी ओरडली, "दोरयेक हात लावू नको! तेणी घर बांधूक घेतल्यान हा." दोरीच्या एका टोकाला जळमटाचा गोळा लोंबत होता. झाडूने काढून टाकावा असाच. इतक्यात बोटभर लांबीची एक शिंजीर मादी चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन आली आणि मला बघून न बघितल्यासारखं करत कामाला लागली. सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा, जे मिळेल ते जाळ्याच्या धाग्याने चिकटवायचं; बाहेरून कचरा, आतून कापूस. दाराला वर छोटीशी झडपही काढली. आमच्या पडवीत तिची पडवी. नर जांभळा-पिवळा झगमगत सोबत यायचा, जास्वंदीवर बसून चिवचिवायचा आणि कामाला हात न लावता परत जायचा. काकीने त्याच्याकडे बघून काकांचं नाव घेतलं.

पुढचा महिना घरातले सगळे कपडे विहिरीकडच्या कुंपणावर वाळले.

दुर्बीण गळ्यात अडकवून मी रोज बाहेर पडायचो खरा, पण खरं तर दिवस माझ्याआधीच सुरू झालेला असायचा. पावणेपाचला, चांगला काळोख असताना, फणसाच्या शेंड्यावरून दयाळ गायला लागायचा. हाच दयाळ डिसेंबरात परसात उकिरडा उकरत फिरतो, तेव्हा त्याच्या तोंडून करकर एवढंच ऐकू येतं. हिवाळ्यात येणाऱ्यांनी त्याला पाहिलेला असतो, ऐकलेला नसतो. मेमध्ये त्याला हद्द राखायची असते, मादीला रिझवायचं असतं, म्हणून शीळ घालतो, मधेच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला घुसडतो. बांगलादेशाने याला राष्ट्रीय पक्षी केलं. आमच्याकडे उकाड्याने रात्रभर तळमळून नुकताच डोळा लागलेला माणूस त्याला शिव्या घालतो.

किनाऱ्यावर नऊनंतर उभं राहवत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात तर इथे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावलीसुद्धा पायाखाली लपते. पण सकाळच्या ओहोटीला वाळूवर दहा-बारा चिखल्ये दिसले, तेही हिवाळ्याचेच छोटे पाहुणे. हे अजून इथे कसे, म्हणून घरी येऊन पुस्तक उघडलं. वर्षाच्या आतली, अजून घरटं करायच्या वयाची न झालेली पोरं बऱ्याचदा उत्तरेला जातच नाहीत, उन्हाळा इथेच काढतात. उगाच हजारो मैल कशाला उडायचं? अंगावरचा रंगही मळकाच. बारावीनंतर वर्षभर काहीच न केलेला मी मला त्यांच्यात स्पष्ट दिसलो.

महिन्यातला सर्वात जास्त वेळ मात्र मी राईतल्या एका बेहड्याखाली घालवला. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी होती. होती असं म्हणायचं, कारण दिसायची फक्त चोचीची टोकं, तीही फटीतून. अंडी घालायच्या वेळी ती ढोलीत शिरते, विष्ठा आणि मातीने आतून दार लिंपते, पिसं टाकते आणि महिनोन्‌महिने नराच्या भरवशावर राहते. पिल्लू मोठं झालं की नराचे हाल बघवत नाहीत. एका सकाळी तीन तासांत त्याच्या सहा फेऱ्या मोजल्या. पंखांचा आवाज आधी येतो, कोळशाच्या इंजिनासारखा. मग तो खोडाला बिलगतो आणि गळ्यातून उंबर, वडाची फळं एकेक वर काढून फटीत सरकवतो. शेजारचे तात्या काजू बी गोळा करता करता थांबले. "बायलेक कोंडल्यान, नि आता स्वता पळता," म्हणाले. तिने स्वतःच कोंडून घेतलंय, असं मी सांगितलं. ते थोडा वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "मगे हुशार आसा."

समुद्रातल्या वेंगुर्ल्याच्या खडकांवर जायचं मात्र राहिलं. रात्री किनाऱ्यावरून तिथल्या दीपगृहाचा झोत दिसतो. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्या घरटी करतात, लाळेने चिकटवलेली, आणि मिट्ट काळोखात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. ही घरटी सूपसाठी चोरून बाहेर जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तो प्रकार उघडकीला आणला आणि राखणदार बसवून थांबवला. मी होडीचं विचारलं तेव्हा दर्या खवळायला लागला होता, आणि 1 जूनपासून मासेमारी बंद म्हणून होड्या वर ओढायची घाई होती. पाखरं बघायला कोण होडी काढतो?

शेवटच्या आठवड्यात दोन सरी पडल्या. पावशा दिवसरात्र 'पेरते व्हा' करत होताच, त्यात मांगराच्या मागून एक दोन सुरांची शीळ यायला लागली. नवरंग! दक्षिणेकडून पावसाच्या तोंडावर इथे घरटं करायला येणारा. म्हणजे आमची परतीची तिकिटं निघाली तशी एक पाहुणा येऊन दाखल झाला. पाचोळ्यात उड्या मारताना त्याचं लाल पोट एकदाच दिसलं. ग्रुपवर टाकलं तर आंबेवाल्याने विचारलं, "सुट्टी वाढवून मिळते का बघ."

नाही मिळाली. निघताना शिंजीरच्या घरट्यातून दोन चोची बाहेर आलेल्या होत्या. मुंबईत पोचल्यावर पाचव्या दिवशी काकीचा फोन आला. मागे कौलांवर पाऊस इतका वाजत होता की ती ओरडून बोलत होती.

"गेली रे तुझी पोरां! आता दोरी मोकळी झाली, तर कपडे वाळणत नाय!"