कांदा, तळवडे आणि माझा प्रेस शॉप

8 डिसेंबर 2023, शुक्रवार. सकाळी नऊच्या सुमारास मंचरहून मामाचा फोन आला, म्हणाला बातमी बघितली का, निर्यात बंद केली रे कांद्याची, रात्रीतून, थेट 31 मार्चपर्यंत. त्याचा कांदा काढून शेतातच पडला होता, दोन दिवसात चाकण मार्केटला न्यायचा होता. मी नुसता हं हं करत राहिलो, बोलणार तरी काय. आणि त्याच दिवशी दुपारी तीनच्या आसपास माझ्या वर्कशॉपमधल्या पोरांच्या मोबाईलवर व्हिडिओ यायला लागले, तळवड्यात शेड पेटली म्हणून. केकवर लावतात ना ती ठिणग्या उडणारी मेणबत्ती, ती तिथं बनायची, आत काम करणाऱ्या बहुतेक बायका. परवानगीच नव्हती हे नंतर पुढं आलं.

सरकारनं धंद्यात नाक खुपसावं का, हा विषय आमच्याकडे भोसरीत चहाच्या टपरीवर रोज निघतो आणि मला दरवेळी हाच दिवस आठवतो. मामाच्या शेतात सरकार एका रात्रीत पोचलं आणि त्या शेडमध्ये कधी पोचलंच नाही.

मी स्वतः धंदेवाला आहे. एमआयडीसीत गाळा आहे, पाच पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबायची मशीनं, अकरा माणसं, गाड्यांचे छोटे पार्ट दाबून देतो. त्यामुळं 'नियम म्हणजे नुसती कटकट' हे मी पण बरीच वर्ष म्हणत होतो आणि मनापासून म्हणत होतो. मग 2019 च्या पावसाळ्यात आमच्या एका पोराची उजव्या हाताची दोन बोटं डायखाली, म्हणजे प्रेसच्या साच्याखाली गेली. प्रेस जुनी होती, पिन क्लचची. ज्यांनी हे मशीन बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, पिन क्लचला पायडल एकदा दाबलं की स्ट्रोक पूर्ण होऊनच थांबतो, मध्ये कुणाच्या बापाला थांबवता येत नाही, म्हणून त्यावर नुसता सेन्सर लावून उपयोग नसतो. एकतर हवेच्या दाबावर चालणारा, मध्येच थांबवता येणारा न्यूमॅटिक क्लच टाका, नाहीतर डायला गार्ड आणि दोन्ही हातांनी दाबायची बटणं लावा, म्हणजे स्ट्रोक सुटताना हात आत असूच शकत नाही. मला हे सगळं आधीपासून माहीत होतं. तरी केलं नव्हतं.

का केलं नव्हतं ते नीट सांगतो, कारण सगळा वाद माझ्या मते तिथंच आहे. दोन हातांची बटणं लावली की तासाला पीस कमी निघतात. पीस कमी म्हणजे रेट काही पैशांनी वर, आणि आमच्या लाईनीत काही पैशांवर ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. शेजारचा माणूस काही राक्षस नाही, त्याचं पण तेच गणित, त्याला माझी भीती. आम्ही दोघं चांगले असलो तरी दोघांच्या प्रेस उघड्याच राहणार. बाजार आपोआप सुधारतो म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी विचारतो की गाडी घेणारा माणूस त्यातला ब्रॅकेट कुणाची बोटं खाऊन आलाय हे कुठं बघायला जातो? सगळ्यांना एकाच दिवशी एकच सक्ती झाली तरच माझी आणि शेजाऱ्याची सुटका आहे, आणि ती सक्ती सरकारशिवाय कोण करणार.

त्या पोराला सावरलं ते पण नियमानंच. ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा भरणा मला दर महिन्याला नकोसा वाटायचा, पगारावर मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचे पाऊण टक्का, दहा माणसं झाली की लागू. पण ऑपरेशन त्यातून झालं आणि आज त्याला महिन्याला पेन्शन येते. मी खिशातून किती दिवस दिलं असतं? खरं सांगायचं तर फार दिवस नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती पण मी भोगलीय. अपघातानंतर एका खात्याचा माणूस आला. प्रेसकडं बघितलंच नाही. रजिस्टर मागितलं, भिंतीवर बोर्ड कुठाय विचारलं, एक नोंद राहिली होती ती धरून बसला आणि शेवटी पाकिटावर मिटलं. मी दिलं, हे लिहिताना लाज वाटते पण दिलं. त्या दिवशी तो जर म्हणाला असता की उद्यापासून या दोन मशीन बंद, तर मी चिडलो असतो पण मनातून मानलं असतं. उलट फॅक्टरी कायदा पूर्वी पॉवरवर चालणाऱ्या युनिटला दहा कामगारांपासून लागायचा, महाराष्ट्रात तो वीसवर नेला, छोट्या उद्योगाला सोपं व्हावं म्हणून. मला सोपं झालं, हो. पण प्रेसला काय माहीत आत अकरा जण आहेत का एकवीस. कागद कमी करा ना खुशाल, धोक्याचं मशीन आणि स्फोटक माल यांना मात्र माणसं मोजून सूट देऊ नका. जून 2021 मध्ये आपल्या मुळशीत उरवड्याच्या आगीत 17 कामगार गेले, तिथं पण बहुतेक बायकाच, आणि अडीच वर्षांनी तळवडे.

आणि कांद्यासारखं जे चालतं ना, कुणी किती विकायचं, कुठं विकायचं, ते सरकारनं ठरवणं, त्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. आमच्या बाबांनी चेतकचं बुकिंग केलं आणि स्कूटर दारात आली तेव्हा मी चौथीत गेलो होतो, बुकिंग माझ्या जन्माआधीचं. कारखाना आकुर्डीला, आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर! बनवणाऱ्याला जास्त बनवायच्या होत्या, घेणाऱ्याला घ्यायच्या होत्या, पण किती बनवायच्या तो आकडा सरकारी लायसनमध्ये ठरलेला, त्यापुढं गेलं तर गुन्हा. 24 जुलै 1991 ला बहुतेक उद्योगांचं ते लायसन गेलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मामाची निर्यातबंदी 31 मार्चला नाहीच, पुढच्या मे महिन्यात उठली, पण सोबत निर्यातीला टनामागे 550 डॉलरचा किमान भाव आणि 40 टक्के शुल्क लावून. तोवर त्याचा तो कांदा मातीमोल गेला होता. पुढच्या वर्षी त्यानं कांदा निम्माच लावला.

रेराचं, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याचं पण लिहायचं होतं, वहिनीच्या वाकडच्या फ्लॅटवरून, बिल्डरला 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि कार्पेट एरियावरच विकावं लागतं याचा तिला किती आधार वाटला ते, पण खूप लांबलं, परत कधीतरी.

आमच्या पाचपैकी तीन प्रेसना आता न्यूमॅटिक क्लच आणि पुढं लाइट कर्टन, म्हणजे हात मध्ये आला की मशीन थांबवणारा सेन्सर आहे. चौथीचं कोटेशन टेबलावर पडलंय, पाचवी बंदच ठेवलीय. तो पोरगा आता डिस्पॅच बघतो. चलन डाव्या हातानं लिहितो, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.