माइन्झची रोमन जहाजं: चुकीच्या काठावर उतरले, ते बरंच झालं

जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट विमानतळावरून माइन्झला जायचं तर एस८ ही लोकल पकडायची. मी पकडली एस९. दोन्ही गाड्या वीसबाडेनला जातात, पण एस९ ऱ्हाइन न ओलांडता पलीकडच्या काठाने जाते. मी उतरले माइन्झ-कास्टेलला. नावात माइन्झ आहे, पण शहर समोरच्या काठावर. पुढच्या गाडीची वाट बघायचा कंटाळा आला, म्हणून पुलावरून चालत निघाले.

आता वाटतं, तसंच जावं. कास्टेल हे रोमनांचं पलीकडच्या काठावरचं ठाणं होतं आणि इथे त्यांचा पूलही होता. जवळपास अर्धा किलोमीटर चालताना पाण्याचा रुंद पट्टा आणि त्याची ओढ डोळ्यांना दिसते. समोर रोमन, मागे आलामान्नी या जर्मानिक टोळ्या, मध्ये हे पाणी. हे डोक्यात ठेवून रोमन जहाजांच्या संग्रहालयात गेलं की तिथली जहाजं वेगळी दिसतात.

पूल संपतो तिथेच नदीकाठी हिल्टन हॉटेल आहे. १९८१-८२च्या हिवाळ्यात त्याच्या वाढीव बांधकामाचा पाया खणताना चिखलात पाच रोमन जहाजांचे सांगाडे सापडले. बहुतेक चौथ्या शतकातली. त्यांच्यासाठीच पुढे प्राचीन नौकानयनाचं संग्रहालय उभं राहिलं. हॉटेलपासून नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहिलं की वीसेक मिनिटांत पोचता.

खरं सांगायचं तर आत शिरताच माझी निराशा झाली. रोमन युद्धनौका म्हटलं की डोळ्यांपुढे वल्ह्यांच्या तीन-तीन रांगा आणि शत्रूच्या जहाजात घुसवायची काशाची चोच येते. इथे होती एक लांबट, सडपातळ होडी. लांबी सुमारे २१ मीटर, रुंदी तीन मीटरपेक्षाही कमी. दोन्ही बाजूंना वल्ह्यांची एकेकच रांग, तीसेक वल्हेकरी, एक शीड. ही पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. रोमनांच्या अशा नदीवरच्या होडीला म्हणत लुसोरिया. नावाचा अर्थ साधारण ‘खेळकर’. बाजूची दुसरी प्रतिकृती आखूड आणि रुंद आहे, गस्तीची किंवा अधिकाऱ्यांच्या फेऱ्यांची असावी.

मग प्रतिकृतीच्या बाजूला वाकून बघितलं. फळ्या ओकच्या, जेमतेम दोन सेंटिमीटर जाड, बरगड्यांना लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या. भूमध्य समुद्रावरचे सुतार फळीला फळी खाचा-जिभांनी जोडायचे. ते काम चोख, पण वेळखाऊ. इथे घाई होती. होड्या झटपट आणि पुष्कळ हव्या होत्या. ४१२ साली खाली डॅन्यूबवर अशा एकूण २२५ होड्यांचा ताफा उभा करण्याचा हुकूम निघाला होता. समोर शत्रूचं आरमारच नव्हतं, मग चोच मारायची कुणाला? काम होतं गस्तीचं: माणसं पटकन इकडून तिकडे न्यायची आणि समोरच्याला नदी ओलांडू द्यायची नाही. उथळ पाण्यातली चपळाई म्हणाल तर मला आपली आंग्र्यांची गलबतं आठवली, इतकंच.

या होड्यांचे दोन किस्से आम्मिआनस मार्केलिनस या इतिहासकाराने लिहून ठेवलेत. ३५९ साली ज्युलियनने (तो पुढे सम्राट झाला) याच परिसरात रात्री ३०० सैनिक ४० लुसोरियांमधून सोडले. वल्हीसुद्धा उचलून धरायची, पाण्याचा आवाज होता कामा नये. शत्रू रोमन छावणीतल्या शेकोट्यांवर नजर ठेवून बसला आणि होड्या प्रवाहाबरोबर खाली सरकून पलीकडे लागल्या. तिथे मेजवानीवरून परतणारे आलामान्नी राजेच समोर आले. ते घोड्यांवरून निसटले, पायी चालणारे नोकर मारले गेले. दुसरा किस्सा त्याआधीचा, ३५७-५८च्या हिवाळ्यातला, म्यूज नदीवरचा. वेढ्यात अडकलेल्या फ्रँक टोळीवाल्यांनी गोठलेल्या नदीवरून पळू नये म्हणून सैनिक होड्या वर-खाली वल्हवत बर्फ फोडत राहिले. नदीयुद्ध हे असं!

मूळ सांगाडेही चुकवू नका. ते प्रतिकृतींसारखे देखणे नाहीत, काळपट फळ्यांचे तुकडेच आहेत, म्हणून लोक भरभर पुढे सरकतात. शतकानुशतकं पाण्यात राहिलेलं लाकूड नुसतं वाळवलं तर आक्रसून वाकडं होतं, त्यामुळे त्यात मेलामाइन रेझिन मुरवलंय. म्हणजे आपल्या घरातल्या न फुटणाऱ्या ताटांचं मेलामाइन!

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी बंद. मी गेले तेव्हा प्रवेशाला पैसे पडले नाहीत, तरी निघण्याआधी वेळा आणि तिकीट बघून घ्या. दोन तास पुरतात, लहान मुलं असतील तर प्रतिकृतींपाशीच तास जाईल. मजकूर वाचायला फोनवर जर्मन भाषांतर उतरवून ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात, खाऊ बरोबर ठेवा. मी उपाशी फिरले.

चालायचं नसेल तर एस८ने माइन्झ मुख्य स्थानकाच्या एक थांबा आधी, ‘र्योमिशेस थेआटर’ला उतरा. संग्रहालय तिथून पाच मिनिटांवर. फलाटाला लागूनच रोमन नाट्यगृहाचे अवशेष आहेत, सुमारे १०,००० प्रेक्षक मावतील एवढं मोठं होतं ते. परतीच्या गाडीला वेळ असेल तर तिथेच बसा. मी बसले, आणि यावेळी गाडीवरचा आकडा दोनदा वाचला.